फर्स्ट डान्सला साल्सा, बचाटा की रुंबा? आधी जमीन बघ, मग लेहंगा, मग गाणं

तू लिहिलेलं थोडक्यात असं की लग्न मे महिन्यात, रिसेप्शन जळगावला लॉनवर, तू अमळनेरचा, ती धुळ्याची, दोघं नोकरीला पुण्यात, हातात दोन महिने. तिला व्हिडिओ बघून बघून साल्साच करायचाय, तुला वरातीतल्या नाचापलीकडे काही येत नाही, गाणं म्हणून दोघांनी एड शीरनचं ‘परफेक्ट’ धरून ठेवलंय, आणि आई म्हणून राहिली की चार मोठ्या माणसांसमोर हे मिठ्या मारून नाचणं नको. मग कोणता डान्स आणि कोणतं गाणं.

मी इकडे बऱ्याच वर्षांपासून कपल डान्स शिकवतो आणि सीझनला तर निम्मे लोक हेच विचारत येतात, म्हणून सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. तुमच्यासाठी रुंबाचा बॉक्स स्टेप, म्हणजे चौकोनात टाकायची संथ पावलं, मधे थोडा बचाटा, आणि शेवटी मेरेंगे, म्हणजे चालल्यासारखा सोपा नाच, त्यावर सगळ्या पाहुण्यांना आत ओढायचं. साल्सा या लग्नात नको. हौस असेल तर लग्न झाल्यावर पुण्यात क्लास लावा, तिकडे शिकवणारे भरपूर आहेत, आरामात सहा महिने शिका. आणि ‘परफेक्ट’ आहे तसं या कुठल्याच लॅटिन नाचावर बसणारच नाही, त्याचं कारण पुढे येईल.

होतं काय की सगळे उलटीकडून ठरवतात. आधी रील, मग स्टाइल, मग गाणं, आणि शेवटच्या आठवड्यात लेहंगा घालून लॉनवर उभं राहिलं की कळतं पाय हलतच नाही. तू जमिनीपासून सुरू कर.

आपल्याकडे लॉन म्हणजे गवत, त्यावर हिरवं नाहीतर लाल मॅटिंग, खाली कुठे खड्डा, कुठे पाण्याचा पाइप, दोन पट्ट्यांच्या जोडावर मॅट उचललेली. साल्सातलं फिरणं असतं चवड्यावर, म्हणजे बूट जमिनीवर थोडा घसरला पाहिजे. मॅटवर तो चिकटतो, पाऊल तिथंच राहतं आणि गुडघा फिरतो, आणि नवरीच्या हिल्स बारीक असतील तर त्या थेट गवतात रुततात. म्हणून मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेव की 12 बाय 12 फुटांचं प्लायचं फ्लोअर पाहिजे, 18 एमएमचा प्लाय, खाली लाकडी फ्रेम, सांध्यांवर टेप. तो म्हणेल भाऊ वरून कार्पेट टाकून देतो, मस्त दिसेल. त्याला नाही म्हण, कार्पेट टाकलं की प्लायचे पैसे पाण्यात. आणि स्टेजवर तर नाचूच नका, तिथं सोफा, फुलांची कमान, मागे एलईडी, उरलेल्या जागेत दोन पावलं टाकली की संपलं, वर स्टेज पोकळ असतो तो धडधड वाजतो. स्टेज आणि पाहुण्यांच्या पहिल्या रांगेतले सोफे याच्या मधे खाली जागा सोडायला लाव.

त्याच ओघात सांगतो, इव्हेंटवाले ढगांत नाचल्यासारखं करून देतो म्हणून ड्राय आइसचा धूर सोडतात. फोटोत छान येतं पण त्या धुराने प्लायवर दव धरतं आणि फ्लोअर गुळगुळीत होतं. पाहिजेच असेल तर शेवटच्या पोजला सोडायला सांग, आधी नको. कोल्ड पायरोचे, म्हणजे ठिणग्यांचे, कारंजेसुद्धा नेटच्या लेहंग्यापासून लांब, ते नावालाच कोल्ड असतात.

आता कपडे. रिसेप्शनचा लेहंगा आतल्या कॅनकॅनसकट, म्हणजे घेर फुलवणाऱ्या जाळीच्या परकरासकट, सहा-सात किलोचा सहज असतो. त्यात पाय दिसतच नाहीत. साल्साचं निम्मं सौंदर्य पायात आहे, ते सगळं कापडाखाली जाणार, मग दोन महिने घाम गाळून शिकायचं कोणासाठी? लेहंग्यात दिसतं काय तर वरचं अंग, हात, मान, आणि ती फिरल्यावर पसरणारा घेर. म्हणजे तिला एक-दोन गिरक्या सावकाश आणि नीट आल्या तरी भरपूर, कारण तो घेर फिरायला लागला की थांबायला एक बीट जास्त घेतो. फास्ट गाण्यात ती थांबते पण लेहंगा थांबत नाही, तो तिच्या आणि तुझ्या पायांना गुंडाळतो. (तिने नऊवारी नेसायची ठरवली तर मात्र मी साल्साला अर्ध्या मनाने हो म्हणेन, काष्टा असला की पाय मोकळे. पण रिसेप्शनला नऊवारी कोण नेसतं आता.)

हिरवा चुडा हातात असणार, काचेचा. साल्सात आणि बचाटात हात वर नेऊन तिला फिरवतात, आणि नवशिका मुलगा घाबरून मनगट गच्च धरतो. भर रिसेप्शनमधे बांगडी वाढली, काच लागली, म्हणजे डान्स बाजूला राहील आणि सगळ्या मावश्या गोळा होतील. म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लाव, मनगट धरायचंच नाही. तुझी दोन बोटं खाली लोंबती ठेवायची, तिने त्यांच्यावर आपली बोटं हलकी अडकवायची, आणि फिरताना तिची बोटं तुझ्या बोटांभोवती मोकळी सरकली पाहिजेत. चुडा घालूनच प्रॅक्टिस करा, साध्या चार डझन बांगड्या आणल्या तरी चालतील.

तुझंही बघ. शेरवानी काखेत घट्ट शिवलेली असते, हात खांद्याच्या वर नेला की अख्खी शेरवानी कानापर्यंत चढते आणि बटणं ताणतात. टेलरला सांग काखेत कळी टाकून दे, डान्स करायचाय. आणि ती टोकदार मोजडी तर अजिबात नको, तिचा तळवा प्लायवर साबणासारखा घसरतो. साधे लेदर सोलचे फॉर्मल शूज घे. तिच्यासाठी रुंद टाचेचे हिल्स, दीड-दोन इंच, मागे पट्टा असलेले. आणि लेहंग्याची उंची ठरवताना टेलरसमोर तेच हिल्स घालून उभं राहायचं, पुढून जमिनीपासून एक इंच वर. हे तिला आज सांग, लेहंगा शिवून आल्यावर नाही.

आता ‘लॅटिन’ म्हणजे नेमकं काय, कारण इथं क्लासवाले पण घोळ घालतात. स्पर्धेतल्या बॉलरूमच्या जगात लॅटिन म्हणजे पाचच, सांबा, चा चा चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. त्यात जाइव्ह अमेरिकेतून आलेला आणि पासो दोब्ले स्पेनच्या बैलझुंजीवर बेतलेला, आणि साल्सा-बचाटा त्या पाचात नाहीतच, ते क्लबातले, लोकांचे नाच. टँगो तर बॉलरूमवाले दुसऱ्याच गटात टाकतात. म्हणून ‘सर तुम्ही लॅटिन शिकवता का’ असं विचारू नको, ‘रुंबाचा बॉक्स आणि बचाटाचा बेसिक दोघांना हात धरून शिकवाल का’ असं विचार. आपल्या भागात झुंबा शिकवणारे गल्लोगल्ली झाले आणि झुंबात साल्साच्या स्टेप असतात म्हणून ते बिनधास्त म्हणतात साल्सा येतो. झुंबा हा कोलंबियाच्या बेतो पेरेसने 1990 च्या दशकात सुरू केलेला एकट्याने करायचा व्यायाम. चांगला आहे, मी पण घेतो, पण त्यात समोर जोडीदार नसतो, आणि तुला शिकायचंय ते सगळं जोडीदाराशीच आहे.

आता गाण्याचं. यात मी जरा लांबण लावणार, कारण खरा पेच इथंच आहे.

गाणं आवडलं की आधी त्याचा ताल बघ. तबला येत नसला तरी चालेल, भजनाला टाळ्या वाजवल्या असशीलच. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा. साल्सा, बचाटा, रुंबा, चा चा चा हे सगळे चार-चारच्या मापात, म्हणजे आठात मोजायचे, म्हणजे केरव्याच्या चालीचं गाणं त्यांच्याखाली बसतं. दादऱ्यासारखं तीन-तीनच्या झोक्यात जाणारं गाणं कितीही रोमँटिक असलं तरी बसत नाही. तुमचं ‘परफेक्ट’ नेमकं त्यातलं आहे, ऐक आणि मोज, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा झुला आहे त्याला. त्यावर वॉल्ट्झसारखं डोलता येईल पण रुंबा करायला गेलास तर दर दुसऱ्या ओळीला पाय एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. आमच्याकडे येणारी निम्मी जोडपी याच गाण्यात अडकतात आणि वाटतं की आपल्यालाच नाचता येत नाही. गाणं सोडवतच नसेल तर त्यावर ज्येष्ठांच्या पाया पडायला जायचं, एंट्री घ्यायची, डान्सला दुसरं घ्यायचं. नाहीतर त्याचं चारच्या मापात बसवलेलं बचाटा कव्हर शोध, गाजलेल्या इंग्रजी गाण्यांची असली व्हर्जनं भरपूर मिळतात.

ताल जमला की वेग. मोबाइलवर 15 सेकंद लाव, बीट मोज, चारने गुण. रुंबा साधारण 100 ते 108, चा चा चा 120 ते 128, बचाटा 120 ते 140 च्या आसपास, आणि साल्सा 160 ते 220. हा शेवटचा आकडा नीट बघ. 180 च्या साल्सात तुला मिनिटाला 135 पावलं टाकायची असतात, कारण आठपैकी सहा बीटवर पाऊल पडतं, चौथा आणि आठवा सोडायचा. मे महिना, जळगाव, शेरवानी. बाकी तूच ठरव.

गाणं दोन-चार बीटने फास्ट-स्लो असेल तर ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची पट्टी न बदलता वेग बदलता येतो. पाच-सहा टक्क्यांपर्यंत कोणाला कळत नाही, त्याच्यापुढे गेलं की गायक पेंगल्यासारखा वाटतो.

स्पॅनिश गाणं घ्यायचं असेल तर अर्थ बघितल्याशिवाय घेऊ नको. बचाटा आला डोमिनिकन रिपब्लिकमधून. तिथला हुकूमशहा त्रुहियो 1961 मधे मारला गेला आणि पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोनने पहिली बचाटा गाणी रेकॉर्ड केली. त्यानंतरही कितीतरी वर्षं हे संगीत दारूच्या गुत्त्यातलं म्हणून घरंदाज लोक नाकं मुरडायचे, आपल्याकडे तमाशाच्या वाट्याला आलं तसंच, आणि 2019 ला युनेस्कोच्या यादीत गेल्यावर सगळ्यांना अभिमान. सांगायचा मुद्दा हा की गाणी बहुतेक प्रेमभंगाची, ती सोडून गेली, मी पिऊन राहिलो, या टाइपची. 2002 चं आव्हेंतुरा या बचाटा बँडचं ‘ऑब्सेसियॉन’ जगभर गाजलं, चाल एकदम गोड, लग्नांत बिनधास्त लावतात, आणि त्याचा सगळा सूर हा की हे प्रेम नाहीये, नुसतं वेड लागलंय. पाहुण्यांना स्पॅनिश येत नाही हे खरं, पण कोणीतरी भाचा टेबलावर बसून गुगल करतोच. ‘बेसामे मुचो’ मात्र मला आवडतं, मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केसचं 1940 चं, बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, रुंबाला एकदम फिट. अर्थ ‘मला खूप चुंबनं दे’ असा आहे एवढं आईला सांगू नको म्हणजे झालं.

पण माझं खरं मत विचारशील तर गाणं हिंदी किंवा मराठी घे आणि नाच रुंबा कर. पहिल्या रांगेत आजोबा, मामा, तुझ्या बाबांच्या ऑफिसातले लोक बसलेले, त्यांना गाणं ओळखीचं लागलं की ते अर्धे तुमच्या बाजूने होतात. आणि लॅटिन ठेका आपल्याला काय नवा नाही, 1951 च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी ‘शोला जो भडके’ला बोंगो वाजवून घेतलाय, ट्रम्पेट-क्लॅरिनेट-सॅक्सोफोन सोबतीला. भगवानदादा त्यात जे करतात ते बारकाईने बघ, पाय फार उचलतच नाहीत, नुसतं वजन इकडून तिकडे. हेच सगळ्या लॅटिन नाचांचं मूळ आहे. जुन्या गाण्यांत असे ठेके शोधले तर सापडतात, आणि आजकालच्या संथ गाण्यांतली पण बरीच 100 च्या आसपास चारच्या मापात असतात.

‘देस्पासितो’ पण सगळे विचारतात म्हणून सांगतो, 2017 चं, ठेका रेगेटॉनचा. संगीत छान पण पहिल्या डान्सला नको, रेगेटॉनची आपली अशी हात धरून करायची सभ्य स्टेप नाही. नंतर डीजेला वाजवू दे.

आता रुंबाचा बॉक्स कसा ते सांगतो, घरी आजच करून बघ. घरातली दोन फूट बाय दोन फूट टाइल शोध, सगळ्यांच्या हॉलमधे असते. डावा पाय टाइलच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर, उजवा त्याला चिकटून. डावा पुढे वरच्या डाव्या कोपऱ्यावर, हे दोन बीट, सावकाश. उजवा पुढे येऊन वरच्या उजव्या कोपऱ्यावर, एक बीट. डावा त्याला चिकटव, एक बीट. आता उजवा मागे खालच्या उजव्या कोपऱ्यावर, दोन बीट. डावा खालच्या डाव्या कोपऱ्यावर, एक. उजवा चिकटव, एक. झाले आठ. तिचं बरोबर उलट, तू पुढे येशील तेव्हा ती उजव्याने मागे. एवढंच. स्लो-क्विक-क्विक तोंडाने म्हणत म्हणत कर, सुरुवातीला गाणं लावूच नको, आणि अंगवळणी पडलं की बॉक्स टाइलपेक्षा लहान कर, लेहंग्याला जागा लागते.

कंबर मुद्दाम हलवायची नाही, हे मुलांना सांगावं लागतं कारण त्यांना तिथंच लाज वाटते. ज्या पायावर वजन घेशील तो गुडघा सरळ होतो, दुसरा वाकतो, कंबर आपोआप तेवढी सरकते. आणि डोकं एका पातळीत ठेव. वरातीत नाचून नाचून आपल्याला बीटवर खांदे उडवायची सवय असते, खानदेशी बॅण्ड लागला की कोण सरळ उभा राहतो. ठेका तुझ्या अंगात आहे, त्याची काळजी नाही, फक्त तो खांद्यातून काढून गुडघ्यात आण. पहिले दोन आठवडे मी मुलांना नुसतं हेच करायला लावतो, वैतागतात, पण नंतर सगळं पटापट येतं.

बचाटा त्यात मिसळायचा तो असा. एका बाजूला तीन पावलं, एक-दोन-तीन, चौथ्याला दुसरा पाय नुसता टेकवायचा, मग परत उलट्या बाजूला. त्या टेकवलेल्या पायावर वजन टाकायचं नाही, तिथंच सगळे चुकतात आणि मग पुढचा पायच सापडत नाही. यूट्यूबवर जे बघशील ते बहुतेक सेन्सुअल बचाटा असतं, स्पेनमधे तयार झालेलं, अंगाला अंग लावून लाटा काढणारं. ते लॉनवर नको. पहिल्या रांगेतली आजी ‘हाई काय शे वं माय’ म्हणत तोंडाला पदर लावील आणि तुझ्या आईला पुढचं वर्षभर ऐकावं लागेल. डोमिनिकनांचा जुना बचाटा मोकळ्या हातांनी, मधे हातभर अंतर ठेवून पण करतात, तो घ्या.

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. तिला नाचाचं वावडं नसतं, हळदीला तीच सगळ्यात पुढे नाचणार आहे. तिला भीती असते चार लोक काय म्हणतील याची, म्हणून तिला तोंडी समजावत बसू नको, एकदा समोर बसवून बॉक्स स्टेप करून दाखवा. तुझा उजवा हात नवरीच्या पाठीवर खांद्याच्या हाडाशी, कमरेवर नाही, दुसरे हात बाजूला धरलेले, मधे वीतभर जागा. रुंबात एकमेकांना धरणं एवढं नेटकं असतं की आया बघून गप होतात. शिवाय खांद्याच्या हाडाशी हात ठेवला तरच नवरीला तुझा इशारा कळतो, कमरेवर हात ठेवून कोणाला वळवता येत नाही, म्हणजे आईचं समाधान आणि नाच दोन्ही एकाच जागी आहे.

शेवटी मागे झुकवायचा डिप सगळ्यांनाच फोटोसाठी पाहिजे असतो. कर, पण अर्धाच. तू डावा गुडघा वाकवून बाजूला बस, तिने तिच्या उजव्या पायावर स्वतःचं वजन ठेवून मागे रेलायचं. तू तिला उचलत नाहीयेस, नुसता आधार. ती तुझ्या हातावर पडली तर सात किलोचा लेहंगा पण तुझ्याच हातावर पडणार आहे.

लांबी दोन मिनिटं, जास्त नको. 104 च्या गाण्यात दोन मिनिटांत 208 बीट होतात, म्हणजे 26 आठ. एवढंच भरायचंय, हे कागदावर लिहून काढ. चालत येऊन हात धरायला दोन आठ, बॉक्स चार, हात मोकळे सोडून बाजूबाजूला चार, तिची गिरकी आणि तू तिच्याभोवती चालत जायचं चार, पाव-पाव फिरत बॉक्स चार, बचाटाची बाजूची पावलं सहा, डिप आणि नमस्कार दोन. मोज, 26 होतात. गाणं कापताना जिथं सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते तिथं काप, मधे कापलं की ऐकणाऱ्याला नाही कळलं तरी पायाला कळतं.

मग न थांबता मेरेंगे. हा पण डोमिनिकनच, दर बीटला एक पाऊल, डावा-उजवा-डावा-उजवा, अक्षरशः चालणं. शिकवावं लागत नाही. तुम्ही दोघं एक मिनिट करा, मग तू आईचा हात धर, नवरीने तुझ्या बाबांचा, आणि मागोमाग करवल्या, मित्र, काका. वीस सेकंदांत फ्लोअर भरतं, आणि तिथून डीजेला अहिराणी गाण्यावर उडी मारायला सांग, ठेका इतका जवळचा आहे की लोकांचे पाय थांबतच नाहीत. मेक्सिकोच्या वेराक्रुसमधे ‘ला बाम्बा’वर लग्नात जोडपं जमिनीवरच्या लांब फितीची नाचता नाचता पायाने गाठ बांधतं, तिकडेही शेवटी सगळं गाठीपाशीच येतं बघ. तुम्ही तो उद्योग लेहंग्यात करू नका.

प्रॅक्टिस रोज वीस मिनिटं, रविवारी एकदम तीन तास नको. तुम्ही दोघं पुण्यात आहात हे चांगलंय, एक जळगावला आणि एक पुण्यात अशी जोडपी व्हिडिओ कॉलवर शिकतात आणि पहिल्यांदा हात धरला की सगळं विसरतात. शेवटचे तीन आठवडे हिल्स, शूज, बांगड्या आणि जुना कॅनकॅन घालूनच करा. आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्याच प्लायवर एकदा. लग्न सकाळचं आणि रिसेप्शन त्याच दिवशी असेल तर संध्याकाळपर्यंत पायाचे तुकडे पडलेले असतात, तेव्हा एखादी स्टेप गाळायची झाली तर कोणती, ते आधीच ठरवा. माझ्या मते दुसरी गिरकी.

वेळ. आपल्याकडे रिसेप्शनला लोक येतात, स्टेजवर आहेर देतात, फोटो काढतात, भरीत-पुरी नाहीतर वरणबट्टी जेवतात आणि निघतात. ती रांग एकदा लागली की साडेदहापर्यंत हलत नाही, आणि दहा वाजता स्पीकर बंद करायचा नियम आहे, लॉनवाला स्वतःच येऊन वायर काढतो. म्हणून एंट्री झाली की लगेच डान्स, रांग त्याच्या नंतर. घामही तेव्हा कमी असतो, जळगावात मेमधे रात्री आठला पण हवा गरम असते, तळहात पुसायला खिशात रुमाल ठेव.

डीजेवाल्याला गाणं दोन पेनड्राइव्हवर दे, मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवू देऊ नको, मधेच कोणाचा तरी फोन येतो. आणि त्याला सांग त्या दोन मिनिटांसाठी बास खाली घे. आपले डीजे सवयीने बास फुल ठेवतात, आणि लॅटिनमधला गिटार, बोंगो, करकर वाजणारी गुइरा सगळं त्याच्याखाली गाडलं जातं, मग तुला बीटच ऐकू येणार नाही. बाजूला एक मित्र उभा कर ज्याला गाणं पाठ आहे. फोटोग्राफरला पण सांगून ठेव की फ्लोअरच्या आत यायचं नाही, एकाच बाजूने घ्यायचं, नाहीतर तू डाव्या पायाने पुढे जाशील आणि तिथं गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरायचा दांडा, घेऊन तो बसलेला असेल.

गाणं फायनल झालं की नाव आणि 15 सेकंदांत किती बीट मोजले ते कळव, म्हणजे बॉक्सवर बसतं की नाही ते सांगतो.